औंधचे नमस्कार

तालीम म्हटली की डोळ्यांपुढे काय येते? तांबडी माती, लंगोट, जोर-बैठका, आणि कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती. चित्र देखणे खरे. पण त्यात किती माणसे मावतात? बाया तर नाहीतच. हातावर पोट असलेला गडीही फारसा नाही, कारण पैलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम आणायचे कोठून? 'मेहनत करशील रे, पण खाशील काय?' असे घरचेच विचारीत. याला आळस कसा म्हणावा?

ही अडचण ओळखली ती औंधच्या राजांनी. सातारा भागातले हे लहानसे संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ साली गादीवर आले. स्वतः त्यांनी आरंभ केला तो विलायती वळणाने. सँडो या नामांकित बलवानाची साधने १८९७ मध्ये मागवून त्यांनी दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. हिशेब सरळ होता. नमस्काराला ना साधन लागते, ना आखाडा, ना जोडीदार. अंथरुणाएवढी जागा मिळाली की झाले. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, आणि ते नुसत्या मुलांना नव्हे, तर मुलींनाही. पोरीबाळींनी व्यायाम करणे म्हणजे थट्टेचा विषय, असा तो काळ. तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे. १९३८ साली त्यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले.

गंमत पाहा. याच राजांनी १९३९ साली राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. राज्य चालवण्याचे स्वातंत्र्य दिले, नमस्कारांचे मात्र दिले नाही! सक्तीने सवय लागते, गोडी लागतेच असे नाही, असे मला शिक्षक म्हणून वाटते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि राजाज्ञाही संपली.

शेतकऱ्याचा आक्षेप मात्र आजही कानी येतो : 'दिवसभर रानात घाम गाळतो, आणखी व्यायाम कशाला?' त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण भांगलणीत पाठ दिवसभर एकाच बाजूला वाकलेली असते. नमस्कारात ती मागेही वळते. श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे तो इथे.

हे सारे मी एकदा मोठ्या उत्साहाने आईला समजावून सांगितले. ती नुकतीच भांगलण आटोपून आली होती. अजून पाणी भरायचे होते, भाकऱ्या थापायच्या होत्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "करीन की रे. पण मला सवड मिळते रात्री नवाला. तेव्हा सूर्य कुठून आणू?"