लिंबूटिंबू संघाची वंशावळ

‘सितारे जमीन पर’ (२०२५) मधला गुलशन दारू पिऊन गाडी ठोकतो आणि न्यायालय त्याला शिक्षा देतं: बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंना बास्केटबॉल शिकव. शिकवता शिकवता तोच माणसांत येतो. अंतिम सामना मात्र त्याचा संघ हरतो, आणि हरूनही नाचतो.

ही हार आली स्पेनमधून. हावियेर फेसेर यांच्या ‘कांपेओनेस’चं (२०१८) हे हिंदी रूप. मूळ चित्रपटामागे व्हॅलेन्सियाजवळच्या बुर्जासोतचा खरा संघ होता. तो अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरला होता, तरी फेसेर यांनी पडद्यावर त्याला दुसरा क्रमांक दिला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

आणखी मागे गेलं की डिस्नेचे दोन चित्रपट भेटतात. ‘कूल रनिंग्ज’ने (१९९३) जमैकाच्या बॉबस्ले संघाचा १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकमधला खराखुरा अपघात ठेवला, पण फसवणुकीपायी पदकं गमावलेला प्रशिक्षक कल्पनेतून जोडला. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘द मायटी डक्स’मध्ये मद्यधुंद वकिलाला समाजसेवेची शिक्षा होते: पोरांच्या आइस हॉकी संघाला शिकव. इथे मात्र पोरं शेवटच्या फटक्यावर जिंकतात. त्या यशाच्या जोरावर डिस्नेने १९९३मध्ये त्याच नावाचा व्यावसायिक आइस हॉकी संघच मैदानात उतरवला.

या घराण्याचा मूळपुरुष मी १९७६च्या ‘द बॅड न्यूज बेअर्स’ला मानतो. दिग्दर्शक मायकल रिची, लेखक बिल लँकेस्टर. वॉल्टर मॅथाऊचा बटरमेकर एकेकाळचा बेसबॉल पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. आता कॅलिफोर्नियात लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करतो, हातात बिअर. त्याला न्यायालयाने पाठवलेलं नाही, तो पैशासाठी बेअर्स या पोरांच्या संघाचा प्रशिक्षक झालाय. खटला भरला होता तो एका पालकाने, कुठल्याच संघाला नको असलेल्या पोरांना खेळू द्या म्हणून. संघाची हुकमी पिचर एक मुलगी, अमांडा. न्यू जर्सीतल्या कायदेशीर लढाईनंतर मुलांच्या बेसबॉलच्या लिटल लीगने मुलींना दार उघडलं ते १९७४मध्ये, म्हणजे अवघी दोन वर्षं आधी.

अंतिम सामन्यात समोरच्या संघाचा प्रशिक्षक आपल्याच मुलाला, पिचर जोईला, भर मैदानात थोबाडीत मारतो. पुढचा चेंडू टोलवला जातो, जोई तो उचलतो आणि हातातच धरून ठेवतो. तो टोलवणारा बेअर्सचा जाडा एंगलबर्ग सगळे तळ पळून ‘होम’ला पोचतो. मग जोई चेंडू बापाच्या पायाशी टाकून आईबरोबर निघून जातो. ते बघून बटरमेकरही थंडावतो. स्वतःच्या पोरांवर तोही असाच ओरडत असतो. जिंकायची शक्यता असताना तो बाकावर बसलेल्या कच्च्या पोरांना खेळवतो, आणि बेअर्स एका धावेने हरतात. विजेते कौतुकाच्या सुरात माफी मागायला येतात, तेव्हा चिमुकला टॅनर त्यांना त्यांच्या चषकासकट हाकलून लावतो आणि मितभाषी लूपस ओरडून बजावतो, पुढच्या वर्षी बघा!