मुकादम, ठेकेदार आणि भरती एजन्सी

शिरूर तालुक्यात न्हावरे येथील घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तेव्हा काम आणि माणूस यांची गाठ घालणारा मध्यस्थ होता मुकादम. बीड-नगरकडील ऊसतोड जोडप्याला, म्हणजे व्यवहारातील एका ‘कोयत्या’ला, तो हंगामापूर्वीच उचल, म्हणजे मजुरीतून वळती होणारी आगाऊ रक्कम, देऊन बांधून घेई आणि त्यांच्या कामावर कमिशन मिळवी. १९५९च्या कायद्याने २५ वा अधिक कर्मचाऱ्यांच्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळवणे बंधनकारक केले, मात्र तेथूनच माणूस घेण्याची सक्ती केली नाही, त्यामुळे खासगी मध्यस्थाची जागा अबाधित राहिली. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील परवानाधारक ठेकेदार आले. यंत्रांच्या वापरपुस्तिका लिहिणाऱ्या तांत्रिक लेखकाला काम मिळवून देणारी भरती एजन्सी याच परंपरेतील म्हणावी लागेल: ती एकतर कंपनीकडून एकरकमी शुल्क घेऊन बाजूला होते, किंवा लेखकाला स्वतःच्या पगारपत्रकावर ठेवून कंपनीला बिल लावते. दुसरी रीत मुकादमीच्या अधिक जवळची, परंतु तिच्यात उचल नसल्याने लेखकाला नोटिशीची मुदत पाळून काम सोडता येते, जे कोयत्याला हंगाम संपेपर्यंत सहसा साधत नसे.