विदूषक मासा

प्रवाळभित्तींवरील समुद्रपुष्पांच्या आश्रयाने राहणारा, पोमासेंट्रिडी कुलातील छोटा सागरी मासा. याच्या सुमारे ३० जाती असून भारतात त्यांपैकी काही अंदमान-निकोबार, लक्षद्वीप व मन्नारच्या आखातात आढळतात. मत्स्यपेट्यांत सर्वांत लोकप्रिय असलेली जाती म्हणजे अ‍ॅम्फिप्रिऑन ओसेलॅरिस. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे, लांबी फार तर ११ सेंमी. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानंतर दुकानदार तिला ‘निमो’ म्हणूनच विकतात.

समुद्रपुष्पाच्या दंशपेशी इतर लहान माशांना लुळे करतात. विदूषक माशाला मात्र अंगावरील बुळबुळीत थरामुळे त्यांचा उपद्रव होत नाही. आयते संरक्षण मिळालेला हा मासा समुद्रपुष्प कुरतडणाऱ्या माशांवर धावून जातो. त्याच्या विष्ठेतून यजमानाला पोषणही मिळते.

एका समुद्रपुष्पावरील गटात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर आणि बाकीची वाढ रोखलेली पिले. मादी मेली की नराचीच मादी होते व मोठ्या पिलाचा नर. त्यामुळे पाळणाऱ्याने नर-मादी ओळखण्याच्या फंदात न पडता दोन लहानमोठी पिले एकत्र सोडावीत. जोडी आपोआप जुळते. मादी समुद्रपुष्पालगतच्या खडकावर अंडी चिकटवते. नर त्यांना परांनी वारा घालतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून टाकतो. आठवडाभराने, पिलांचे चंदेरी डोळे अंड्यातून दिसू लागल्यावर, सूर्यास्तानंतर अंडी फुटतात. डिंभ दहाएक दिवस पाण्याबरोबर वाहतात. प्रजननकेंद्रांत याच काळात त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्मजीव खाऊ घालतात. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने भारतात हे तंत्र विकसित केले. पेटीत जन्मलेली पिले अधिक काटक असतात, आणि ती घेतल्याने प्रवाळभित्तीही ओरबाडली जात नाही. भारतात जिवंत प्रवाळ गोळा करणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

पेटीत शिकारी नसल्याने समुद्रपुष्पाची गरज उरत नाही. गरज असते ती स्थिर समुद्राची. जबलपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरात तो घरीच बनवावा लागतो. क्लोरीन काढलेल्या, शक्यतो आरओच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ विरघळवतात. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. बाष्पीभवनाने पाणी घटते पण मीठ तेवढेच राहते, म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची. नवशिक्यांची हमखास चूक इथेच होते. पेटीत अमोनियाचे विघटन करणारे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडू नयेत. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस हवे. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा चिलर लागतो, तर डिसेंबर-जानेवारीत हीटर. एवढी निगा राखल्यास हा मासा पेटीत वीस वर्षांहून अधिक जगू शकतो.