गॅसला वास कुणी दिला

गॅसजोडणीच्या कामात माझं आयुष्य गेलं. सांध्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की गळती. पण त्याआधी नाकाला कळतं, कारण गॅसमध्ये मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. ते मिसळायची सक्ती कशी झाली, हे नवशिक्या पोरांना मी मुद्दाम सांगतो.

टेक्सासमधलं न्यू लंडन. तेलाच्या पैशानं शाळा श्रीमंत, तरी खर्च वाचवायला तिनं १९३७ च्या सुरुवातीला तेलकंपनीच्या नळातून जवळजवळ फुकटचा गॅस ओढला. (काटकसर नेमकी श्रीमंतांनाच सुचते!) नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. इमारतीखालच्या बंद पोकळीत तो साचत गेला. १८ मार्चला दुपारी कार्यशाळेतल्या शिक्षकानं लाकूड घासायचं यंत्र चालू केलं आणि ठिणगी पडली. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्याच वर्षी टेक्सासनं गॅसला वास देण्याचा कायदा केला.

सगळ्याच गॅसला असा वास द्यावा लागत नसे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे कोळशाच्या गॅसवर जळत. त्याला उपजतच दर्प होता. कार्बन मोनॉक्साइडचं विषही होतं. आता नळातून येणारा नैसर्गिक गॅस हवेहून हलका, छताकडे जाणारा; म्हणून झरोका वर हवा. सिलिंडरमधला जमिनीलगत पसरतो. हे समजावून मी निघतो, आणि महिन्याभरात फर्निचरवाला येऊन झरोक्यावर प्लायवूड ठोकतो.