अण्णांचें वसतिगृह आणि मुलांचें मन

वयांत येणाऱ्या मुलांचें मन कसें सांभाळावें, ही चर्चा अलीकडे घरोघर ऐकूं येते. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांत मानसिक आरोग्यास स्थान मिळालें, २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही बोलतां येतें, हें इष्टच झालें. तथापि हा प्रश्न आपल्याच पिढीस प्रथम पडला व त्याचें उत्तर केवळ वैद्याच्या खोलींत आहे, असा जो समज या चर्चेंत डोकावतो, तो सातारा-सांगलीच्या लोकांनीं तरी बाळगूं नये. (सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ या नांवानें निराळा झाला तो १९४९ सालीं, त्यामुळें दोहोंचा त्यापूर्वींचा इतिहास आम्ही एकत्रच सांगतों.)

कर्मवीर भाऊराव पाटील यांचें चरित्र वाचकांस ठाऊक आहे. तें सांगतांना जातिभेद व बहुजनांचें शिक्षण यांवर भर पडतो, आणि तो योग्यच आहे. आम्हांस त्याची एक निराळी बाजू पाहावयाची आहे. १८८७ सालीं जन्मलेले भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगांत शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां १९०८ सालीं निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनीं नकार दिला, आणि बोर्डिंगाचें दार त्यांस बंद झालें. मॅट्रिकही त्यांच्या हातून झालें नाहीं. म्हणजे पुढें हजारों मुलांना ज्यानें छप्पर दिलें, तो स्वतः छपराबाहेर काढलेला, परीक्षेंत मागें पडलेला विद्यार्थी होता. अशा पोराच्या मनांत काय उलथापालथ होते, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

सांगलीजवळ दुधगांव येथें १९१० च्या सुमारास त्यांनीं मित्रांच्या साह्यानें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र ठेवून पाहिलीं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था निघाली. नंतर वाळवें तालुक्यांत नेर्ले येथें वसतिगृह झालें, आणि १९२४ सालीं साताऱ्याचें. या शेवटच्यास २५ फेब्रुवारी १९२७ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें छत्रपति शाहूंचें नांव मिळालें.

येथें येणारीं बहुतेक मुलें गांवाबाहेर प्रथमच पडलेलीं. सर्व जातिधर्मांचीं मुलें एका पंक्तीस बसत. स्वयंपाक, पाणी, शेतकाम त्यांनींच करावयाचें. या स्वावलंबनाचें कारण पैशाची चणचण असें सांगतात, तें खोटें नव्हे. पण आज भाकऱ्या थापण्याची पाळी ज्याची आहे, त्या मुलास आपण कोणालाच नको आहों असें वाटणें कठीण! भाऊरावांना मुलें अण्णा म्हणत, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या वहिनी होत्या. कोठींत धान्य उरलें नाहीं तेव्हां या माउलीनें दागिन्यांमागून मंगळसूत्रही दिलें. १९३० सालीं त्या वारल्या. घर सोडून आलेल्या किती मुलांस तेव्हां दुसऱ्यांदा घर सुटल्यासारखें झालें असेल!

त्या काळाचें आम्ही सोंवळें करून ठेवीत नाहीं. शिस्त कडक होती. एकांताची आवड असलेला हळवा मुलगा त्या गर्दींत घुसमटलाही असेल. आणि मुलींना ही सोय मुलांच्या मानानें उशिरांच मिळाली. शिवाय खऱ्या मनोविकारास सहवास पुरत नाहीं, तेथें वैद्यच पाहिजे. पण वैद्यापर्यंत मुलास नेणारा कोणी तरी आधीं लागतो. आज आमच्या शहरांतून अभ्यासिका पुष्कळ झाल्या आहेत. तेथें फळ्या लावून केलेल्या कप्प्यांत मुलें दहा-दहा तास बसतात, आणि शेजारच्याचें नांव पुसल्यास सांगतां येत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील, वाळव्याकडचा एक विद्यार्थी तीन आठवडे दिसला नाहीं. आमच्या हजेरीपटावर तो गैरहजर, एवढीच नोंद होती, आणि ती आम्हींच केलेली. निरोप आला तो खाणावळींत पोळ्या लाटणाऱ्या मावशींकडून: “सर, त्ये पोरगं ताटावर बसतंय, पन जेवत न्हाई.” त्याच संध्याकाळीं आम्ही त्याच्या खोलीवर गेलों, आणि दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील व आम्ही मिळून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलों.