गोट्यांनी सांगितलेली साथीची गोष्ट

साथ का येते हे आपण सारेच विचारतो. पण आलेली साथ थांबते का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गावात गोवर शिरतो, घरामागून घर धरतो आणि काही मुलांना न शिवताच निघून जातो. आपण म्हणतो, त्यांचे नशीब बलवत्तर! पण एवढ्यावर समाधान मानून कसे चालेल?

अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे साथरोगांचे आणि लोवेल रीड हे संख्याशास्त्राचे अध्यापक होते. १९२८ च्या सुमारास दोघांनी या प्रश्नाचे गणित मांडले आणि ते विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी रंगीत गोट्या हाती घेतल्या. फ्रॉस्ट १९३८ मध्ये वारले. पण खेळ मागे राहिला. १९५१ साली रीड यांनी तो दूरचित्रवाणीवरूनही लोकांना दाखवला.

गुरुजी, हा खेळ तुमच्या शाळेत चिंचोक्यांवर होईल. वीस चिंचोक्यांना चुना लावा. ती निरोगी मुले. दोघांना गेरू लावा; ते आजारी. दहा कोरे ठेवा. ते माणसामाणसांतले अंतर. सारे पिशवीत हलवा आणि न बघता एकेक काढून ओळीत मांडा. लालला चिकटून आलेला पांढरा, तो नवा रोगी. मध्ये कोरा आला, तर मूल वाचले. आता जुन्या रोग्यांच्या जागी नीळ लावलेले चिंचोके ठेवा. त्यांना तो रोग पुन्हा होत नाही. नव्या रोग्यांच्या जागी लाल ठेवा, आणि पुन्हा हलवा. लाल संपले की साथ संपली. मग पिशवीत पाहा, बहुधा काही पांढरे उरलेले दिसतील. म्हणजे साऱ्यांना रोग झाला म्हणून साथ थांबली नाही. लालला शेजारी पांढरा मिळेना, म्हणून थांबली.

आता दुसरा डाव. विसांपैकी पंधरा आरंभीच निळे करा, म्हणजे लस टोचलेले. साथ बहुतेक वेळा दोनचार फेऱ्यांत विझते. मात्र एका डावावर भिस्त ठेवू नका. पाचसहा वेळा खेळा, कारण दर वेळी साथ वेगळी निघते.

खरे गाव पिशवीसारखे सरमिसळ नसते. तिथे घर, गल्ली, बाजार असतो. गोवर तर या खेळाहून किती तरी वेगाने पसरतो, म्हणून त्याला रोखायला जवळजवळ सारीच मुले टोचलेली लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तीत लहान मुले दगावली. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधीच्या तान्ह्याचे रक्षण कोणी करायचे? शेजारच्या टोचलेल्या मुलांनी.

तेव्हा लस नको म्हणणारे पालक शाळेत आले, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या हाती पिशवी द्या आणि एक पांढरा चिंचोका दाखवून सांगा, हे शेजारचे तान्हे बाळ.