असमतेची उपपत्ति

गणित म्हणजे बरोबरीच्या चिन्हाचें शास्त्र, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अमुक राशि अमुक मर्यादेबाहेर कधींच जाणार नाहीं, असें निश्चयानें सांगणें हेंही गणिताचेंच काम होय. अशा विधानास असमता म्हणतात.

सोलापुराहून तुळजापुरास जातांना वाटेंत तामलवाडी गांव लागतें. तेथील माळावर ४० हात दोरीनें काटकोन चौकोनी तुकडा आंखावयाचा आहे, असें समजूं. बाजू १५ व ५ हात घेतल्यास क्षेत्र ७५ चौरस हात होतें. १२ व ८ घेतल्यास ९६. १० व १० घेतल्यास १००. दोरी तीच, जमीन मात्र कमीजास्त! याहून अधिक जमीन मिळणार नाहीं कशावरून? हजार उदाहरणें दिलीं तरी तें उत्तर नव्हे.

उत्तराची सामग्री भास्कराचार्यांजवळ होती. शके १०७२ (इ. स. ११५०) मधील सिद्धांतशिरोमणीच्या बीजगणित या भागांत ते सांगतात कीं, दोन राशींच्या बेरजेच्या वर्गांतून गुणाकाराची चौपट वजा केली असतां अंतराचा वर्ग उरतो, आणि राशि धन असो वा ऋण, तिचा वर्ग धनच. हीं दोन विधानें एकत्र ठेविलीं कीं, गुणाकाराची चौपट बेरजेच्या वर्गाहून मोठी होणें अशक्य ठरतें. आमच्या तुकड्याच्या बाजूंची बेरीज २०, वर्ग ४००. म्हणून क्षेत्र १०० च्या वर जात नाहीं. आचार्यांनीं ही असमता याच रूपांत मांडली, असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती त्यांच्या सूत्रांतून सरळ निघते. पुढें कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं १५४५ सालीं लीलावतीवरील बुद्धिविलासिनी टीकेंत सूत्रांची उपपत्ति दिली. सूत्र पाठ असणें निराळें, तें कां खरें हें कळणें निराळें, हा भेद आमच्या पूर्वजांस ठाऊक होता.

केवळ पडताळ्यावर विसंबणें किती धोक्याचें, हें युरोपांतील एका प्रकरणावरून दिसतें. एखाद्या संख्येस १ हून मोठ्या वर्गसंख्येनें भाग जात असेल तर तिच्याबद्दल ० मांडावें. एरवीं तिचे मूळ अवयव सम असल्यास +१, विषम असल्यास −१ मांडावा. १ पासून अशी बेरीज करीत गेल्यास ती, चिन्ह सोडून, शेवटच्या संख्येच्या वर्गमुळाहून लहानच राहते, असा तर्क मेर्टेन्स यांनीं १८९७ सालीं दहा हजारांपर्यंत कोष्टक करून मांडला. पुढें कोट्यवधि संख्यांपर्यंत तो जुळला. तरी १९८५ सालीं ओडलिझ्को व टे रीले यांनीं तो खोटा ठरविला. नवल हें कीं, तो जेथें मोडतो ती संख्या अद्याप कोणीही दाखविलेली नाहीं.

म्हणून मुलानें गणिताचें उत्तर ताडून पाहिलें, एवढ्यावर पालकांनीं समाधान मानूं नये. ‘कशावरून?’ हा प्रश्न त्यास स्वतःहून सुचूं लागला, म्हणजे गणित त्याच्या घरीं आलें असें समजावें.